मोटार अपघात दाव्यांची वकिली करावी का, आणि ती शिकायची कुठे?

बार्शीच्या एका विद्यार्थिनीने प्रश्न पाठवला आहे. ती एलएल.बी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिचं म्हणणं थोडक्यात असं: "मला अपघात भरपाईच्या दाव्यांचं काम करायचं आहे. घरचे आणि बारमधले (वकील संघातले) काही जण म्हणतात, ते एजंटांचं क्षेत्र आहे, त्यात नाव होत नाही. टक्केवारीवर फी घेता येत नाही असं आम्हाला शिकवलंय, मग त्या वकिलांचं पोट कसं भरतं? आणि ज्येष्ठ वकील लॉ कॉलेजांना देणग्या देतात, मूट कोर्टसाठी (विद्यार्थ्यांच्या सरावाच्या खटल्यांच्या स्पर्धेसाठी) ढाली ठेवतात. त्याने माझ्यासारखीला काय फरक पडतो?"

मी सोलापूरला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे पंचवीसेक वर्षं काम करतो आहे. सुरुवातीला एका विमा कंपनीच्या पॅनेलवर होतो, पुढे पूर्णपणे दावेदारांच्या बाजूला आलो. उत्तर सरळच देतो: हे काम जरूर करा. मात्र ते आज कॉलेजात जवळजवळ शिकवलं जात नाही. जाणत्या माणसाशेजारी बसून, फायली चाळूनच ते हाताला येतं. म्हणून तुमचा तिसरा प्रश्न मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. त्याच्याकडे शेवटी येतो.

आधी कामाविषयी. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली पंधरा हजारांहून जास्त एकट्या महाराष्ट्रातली. मेलेल्यांत सर्वांत मोठा वाटा दुचाकीवाल्यांचा, आणि बहुतेक जण कमावत्या वयाचे. आमच्याकडे पुणे, हैदराबाद, विजापूर आणि तुळजापूर या चारही रस्त्यांवरून फायली येतात. कारखान्यांचा हंगाम लागला की ऊसतोड मजुरांच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, आषाढी-कार्तिकीला पंढरपूरकडे निघालेले टेम्पो. या घरांत एखादी मोठी रक्कम आयुष्यात एकदाच येते, तीही माणूस गमावल्यावर. ती किती येणार, हे बऱ्याच अंशी वकिलाने कोणते कागद गोळा केले यावर ठरतं.

किती अंशी, ते हिशेबानेच दाखवतो. सूत्र आता ठरलेलं आहे. सरला वर्मा निकालाने २००९ मध्ये वयानुसार गुणक (वर्षाच्या रकमेला कितीने गुणायचं तो आकडा) आणि अवलंबून असलेल्या माणसांच्या संख्येनुसार वजावट ठरवून दिली. प्रणय सेठी निकालात २०१७ मध्ये घटनापीठाने उत्पन्नातल्या पुढच्या वाढीचे टक्के नक्की केले. आता समजा, चौतीस वर्षांची एक विडी कामगार रस्ता ओलांडताना ट्रकखाली गेली. मागे अंथरुणाला खिळलेला नवरा, दोन मुलं आणि सासू. तिची कमाई महिना १२,००० सिद्ध झाली, तर चाळिशीच्या आतली म्हणून त्यात ४० टक्के वाढ धरायची, म्हणजे १६,८००. वर्षाचे २,०१,६००. अवलंबून चार जण, म्हणून तिच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा. उरले १,५१,२००. वय ३१ ते ३५ मध्ये असल्याने गुणक १६. एकूण २४,१९,२००. यावर अंत्यविधीचा खर्च, मालमत्तेची हानी आणि सहवास गमावल्याबद्दलच्या ठराविक रकमा.

आता हीच कमाई न्यायाधिकरणाने ८,००० धरली, तर आकडा १६,१२,८०० वर येतो. महिन्याच्या ४,००० रुपयांनी ८ लाखांहून जास्त रकमेचा फरक पडला. हे ४,००० रुपये कोर्टातल्या वक्तृत्वाने मिळत नाहीत. ते तिच्या लॉगबुकात असतात, कारखान्याच्या पगारपत्रकात असतात, प्रॉव्हिडंट फंडाच्या उताऱ्यात असतात, आणि कारखान्याचा कारकून साक्षीला येतो की नाही यात असतात. सोलापुरात विडी वळणाऱ्या कितीतरी बायका घरात तेलुगू बोलतात. मेलेल्या बाईची जाऊ किंवा शेजारीण पिंजऱ्यात उभी राहून 'ती रोज किती विड्या वळायची' हे सांगणार असेल, तर तिचं म्हणणं मराठीत नीट उतरतंय ना, हे वकिलाने कान देऊन ऐकावं लागतं. हजार विड्यांचा दर काय, आठवड्याला पानं-तंबाखू किती मिळायची, विडी नापास होऊन परत येण्याचं प्रमाण किती, हे वकिलाला माहीत नसेल तर सरतपासात, म्हणजे आपल्याच साक्षीदाराला प्रश्न विचारताना, ते प्रश्न येणारच नाहीत.

तिच्या घरकामाचं काय? तेही मोजलं जातं. कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या कामाला काल्पनिक उत्पन्न धरणं का आवश्यक आहे हे स्पष्ट केलं आणि अशा काल्पनिक उत्पन्नावरही पुढची वाढ धरली पाहिजे असं सांगितलं. न्या. रमणा यांचं त्यातलं स्वतंत्र मत प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावं. तरीही आजही दाव्याच्या अर्जात 'व्यवसाय' या रकान्यात नुसतं 'घरकाम' लिहून पुढे काहीच न लिहिणारे वकील आहेत. सकाळी चारला उठून दोन म्हशींचं दूध काढणारी, डेअरीला घालणारी बाई त्या एका शब्दात नाहीशी होते. डेअरीचं पासबुक मागितलं असतं तर ती दिसली असती.

जखमींचे दावे याहून अवघड असतात, आणि माझ्या मते वकिलाची खरी परीक्षा तिथेच होते. मृत्यूच्या दाव्यात निदान सूत्र आहे. जखमीच्या दाव्यात सगळा भर येतो अपंगत्वावर. सिव्हिल हॉस्पिटलच्या सर्टिफिकेटवर 'डाव्या पायाचं ४० टक्के कायमचं अपंगत्व' असं लिहिलेलं असतं. ते त्या अवयवाचं असतं. कमाईची क्षमता किती गेली, हा प्रश्न वेगळा. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे फार सोप्या शब्दांत मांडलं आहे: डावा हात गेला तर ड्रायव्हरची किंवा सुताराची कमाई जवळजवळ पूर्ण जाऊ शकते, कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. म्हणजे तेच सर्टिफिकेट, पण यंत्रमागावर बारा तास उभं राहणाऱ्या कामगाराच्या हातात त्याचा अर्थ निराळा. हा अर्थ डॉक्टरच्या तोंडून रेकॉर्डवर यावा लागतो: उकिडवं बसता येतं का, जिना चढता येतो का, किती वेळ उभं राहता येतं, पुन्हा ऑपरेशन लागेल का, लागलं तर अंदाजे खर्च किती.

डॉक्टर साक्षीला यायला नाखूश असतात, आणि त्यांचंही खरं आहे. ओपीडी सोडून सकाळी अकराला यायचं, दुपारी चारपर्यंत बाकावर बसायचं आणि 'पुढील तारीख' ऐकून परत जायचं, हे कोणाला आवडेल? त्याच निकालात न्यायालयाने डॉक्टरांना वेळ ठरवून बोलवावं, गरज पडली तर कमिशनवर, म्हणजे कोर्टाने नेमलेल्या माणसामार्फत, साक्ष घ्यावी असं सांगितलं आहे. तसा अर्ज द्यायचा असतो. मी तो देतो, आणि आमच्याकडे तो बहुतेक वेळा मंजूर होतो. उपचार करणाऱ्या डॉक्टरची साक्ष झाली नाही म्हणून सर्टिफिकेट बाजूला पडलेले निकाल पाहिले की वाईट वाटतं, कारण त्यात दावेदाराने काहीच चुकवलेलं नसतं.

विमा कंपनीच्या पॅनेलवर असताना मी जे शिकलो ते आजही रोज उपयोगी पडतं, म्हणून तुम्हीही जमलं तर थोडा काळ ती बाजू पाहा. कंपनीचा वकील फाईल हातात आली की आधी पॉलिसी वाचतो, मग लायसन्स, मग परमिट. दावेदाराचा वकील बऱ्याचदा पॉलिसी पुराव्याच्या दिवशी पाहतो. ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या दाव्यात ट्रॉलीचा विमा वेगळा आहे का, मजुरांसाठी जादा प्रीमियम भरला आहे का, हे पहिल्या भेटीतच पाहायला हवं, कारण ट्रॅक्टरवर ड्रायव्हरशिवाय कोणी बसू नये हा बचाव येणार हे नक्की. वारकऱ्यांच्या टेम्पोचंही तसंच. मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, हे आशा राणी निकालाने २००२ मध्ये ठरलं. मग रक्कम वसूल करायची ती टेम्पोमालकाकडून, आणि त्याच्याकडे त्या टेम्पोखेरीज काही नसतं. अशा वेळी धडक देणारं दुसरं वाहन होतं का, त्याचा विमा होता का, याचा शोध घेण्यावर सगळं अवलंबून राहतं. घटनास्थळ पंचनाम्यातल्या ब्रेकच्या खुणा आणि काचा कुठे पडल्या होत्या याच्या दोन ओळी कधीकधी सगळा दावा तारून नेतात.

कायदा बदलतही असतो. लाइट मोटार व्हेइकलचं लायसन्स असलेला माणूस छोटा टेम्पो किंवा रिक्षा चालवत होता, म्हणजे त्याच्याकडे योग्य लायसन्स नव्हतं, हा विमा कंपन्यांचा वर्षानुवर्षांचा आवडता बचाव. नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने ७,५०० किलोपर्यंतच्या गाड्यांबाबत तो मोडीत काढला. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीतला दाव्यांबाबतचा भाग १ एप्रिल २०२२ पासून लागू झाला, त्याने तर पायाच हलवला. कलम १६६ खालचा दावा आता अपघातापासून सहा महिन्यांत दाखल करायचा आहे. ही मुदत १९९४ साली काढून टाकली होती, ती परत आली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण पक्षकार समोर बसला असेल तेव्हा त्या आव्हानाच्या भरवशावर राहू नका. तारीख मोजा आणि दाखल करा. जुनं कलम १४० आणि १६३-अ गेलं, त्यांच्या जागी कलम १६४ आलं: चूक कोणाची हे सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख, गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख. १६६ खाली निष्काळजीपणा दाखवावा लागतो, पण रकमेला वरची मर्यादा नाही. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर प्रांत किंवा तहसीलदारांकडे अर्ज करून मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५०,००० मिळतात. हे माहीत नसल्याने कितीतरी घरं तशीच बसून राहतात. मेलेला शेतकरी असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजनेचे २ लाख वेगळे. तो अर्ज कृषी खात्याकडे जातो, त्यात वकिलाची फीसुद्धा नाही, पण पक्षकाराला ते सांगणं आपलं काम आहे.

आता नाव आणि पैसा.

'एजंटांचं क्षेत्र' हे बोलणं उगाच आलेलं नाही. हॉस्पिटलच्या दारात, पोलीस ठाण्याच्या बाहेर कागद गोळा करणारी माणसं असतात आणि त्यांच्याकडून फायली घेणारे वकीलही असतात. उत्तर प्रदेशात तर बनावट अपघात दाव्यांचा इतका सुळसुळाट झाला की विशेष तपास पथक नेमावं लागलं आणि वकिलांच्या सनदा निलंबित झाल्या. खोट्या दाव्याचा फटका खऱ्या दावेदाराला बसतो. विमा कंपनी प्रत्येक फाईलकडे संशयाने पाहू लागते, न्यायाधीशही सावध होतात, आणि खरोखर पाय गेलेल्या माणसाला 'हा अपघात झालाच नाही' अशा उलटतपासाला तोंड द्यावं लागतं. एजंटाची पहिली फाईल परत पाठवणं जड जातं. पण सुरुवातीपासून परत पाठवली, तर दोनतीन वर्षांत तो तुमच्याकडे येणं थांबवतो, आणि पक्षकार एकमेकांच्या सांगण्यावरून येऊ लागतात.

टक्केवारीचं तुम्हाला कॉलेजात शिकवलं ते बरोबर आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार निकालावर अवलंबून असलेली फी ठरवता येत नाही, मिळालेल्या रकमेत हिस्साही घेता येत नाही. १९५४ सालीच सर्वोच्च न्यायालयाने एका सीनियर वकिलाला अशा करारासाठी दोषी ठरवलं होतं. डिसेंबर २०१७ चा बी. सुनीता विरुद्ध तेलंगणा राज्य हा निकाल तर आपल्याच क्षेत्रातला आहे. पतीच्या अपघाताची भरपाई मिळालेल्या विधवेकडून वकिलाने रकमेच्या टक्केवारीने फी मागितली, त्यासाठी घेतलेला चेक वटला नाही म्हणून तिच्यावर फौजदारी केली. सर्वोच्च न्यायालयाने ती फौजदारी रद्द केली आणि अशी फी सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध असल्याचं सांगितलं. अमेरिकेत याच कामातले वकील जिंकलेल्या रकमेचा हिस्सा घेतात, तिथे ते कायदेशीर आहे. तिकडचे व्हिडिओ पाहून इथला धंदा मांडू नका.

मग पोट कसं भरतं? रक्कम ठरवून, लेखी, टप्प्याटप्प्याने. माझी पद्धत अशी: दाखल करताना थोडी फी, मुद्दे निघून पुरावा सुरू झाला की थोडी, युक्तिवादाच्या वेळी उरलेली. निकाल कोणताही लागो, आकडा तोच. ज्यांना सुरुवातीला काहीच देता येत नाही त्यांना उरलेली फी उशिरा द्यायला सांगतो, पण रक्कम पहिल्याच दिवशी कागदावर असते. बाईमाणूस दावेदार असेल तर तिचं उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे तिला मोफत वकील मिळू शकतो, हे मी तिला सांगतोच. ती तरीही माझ्याकडे थांबली तर तो तिचा निर्णय. लोकअदालतीत तडजोडी होतात, उच्च न्यायालयात अपिलं असतात. ऑगस्ट २०२५ पासून आमच्या सोलापूरसह सहा जिल्ह्यांची अपिलं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जाऊ लागली, त्यामुळे मुंबईची फेरी वाचली आणि जिल्ह्यातल्या तरुण वकिलाला स्वतः अपील चालवणं आवाक्यात आलं. पहिली तीन-चार वर्षं ओढाताणीची जातात. त्यानंतर या कामावर घर नीट चालतं. बंगला बांधायची घाई असेल तर दुसरं काही पाहा.

पैशाविषयी आणखी एक. अवॉर्ड, म्हणजे भरपाईचा निकाल, झाला म्हणजे काम संपत नाही. रक्कम जमा होणं, वसुलीसाठी दरखास्त करावी लागणं, मुलांच्या नावची मुदतठेव, नव्याने विधवा झालेल्या बाईच्या भोवती अचानक जमलेले नातेवाईक, हे सगळं पुढे असतं. सुसम्मा थॉमस निकालात १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रक्कम उधळली जाऊ नये म्हणून ठेवीची मार्गदर्शक तत्त्वं दिली. मार्च २०२५ मध्ये रक्कम थेट दावेदाराच्या बँक खात्यात पाठवण्याचा मार्गही सांगितला. खातं तिच्या एकटीच्या नावाने आहे का, एवढं तपासलं तरी पुढची पुष्कळ भांडणं टळतात.

आता शिक्षण. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत मोटार अपघाताचा विषय कुठे आहे, तर अपकृत्य कायद्याच्या पेपरात, ग्राहक संरक्षणाच्या शेजारी, एक घटक म्हणून. विद्यार्थी परीक्षेत कलम १६६ आणि १६८ लिहून येतो. न्यायाधिकरणाच्या दारातून आत गेल्यावर त्याला एफआयआर, पंचनामा, पीएम रिपोर्ट, गाडीचा आणि विम्याचा तपशील असलेला कॉम्प एए फॉर्म, आरसी, पॉलिसी असा गठ्ठा हातात येतो आणि त्यातून दावा कसा उभा करायचा हे कोणी दाखवलेलं नसतं. प्राध्यापकांना मी दोष देत नाही. ज्यांना कोर्टात उभं राहायची परवानगी नाही, त्यांनी हे शिकवायचं तरी कसं? हे आमचं, वकिली करणाऱ्यांचं काम आहे.

महाराष्ट्रात ही रीत जुनी आहे. लोकमान्य टिळकांनी पुण्यात कायद्याचा वर्ग चालवला. डॉ. आंबेडकर वकिली करता करता मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजात शिकवत होते, आणि १९३५ साली तिथले प्राचार्य झाले. त्या कॉलेजात वकिली करणाऱ्यांनी येऊन तास घ्यायचे ही पद्धत पुढेही टिकली. जिल्ह्यांच्या ठिकाणी मात्र ती विरळ झाली. आम्ही समारंभाला जातो, हार घेतो, 'कायद्याच्या विद्यार्थ्यांनी वाचन वाढवलं पाहिजे' असं सांगून परत येतो.

ढालींविषयी तुम्ही विचारलंत. देणाऱ्याची भावना चांगली असते, ती मी मानतो. पण मूट कोर्टची समस्या बहुधा घटनात्मक असते, भाषा इंग्रजी, आणि ढाल बऱ्याच वेळा अशा घरातल्या मुलांना मिळते जिथे आधीच कायद्याची कपाटभर पुस्तकं आहेत. बार्शी, मोहोळ, अक्कलकोटहून एस.टी.ने येणाऱ्या मुलीला त्याच पैशांत वर्षभराचा पास, परीक्षेचा फॉर्म आणि एक ताजा बेअर अ‍ॅक्ट (कायद्याच्या मूळ मजकुराचं पुस्तक) मिळाला असता. देणगी द्यायचीच असेल तर मी ती तिथे देतो. प्राध्यापक शमनाद बशीर यांनी २०१० मध्ये सुरू केलेल्या 'इडिया' या उपक्रमाने वंचित घरांतली मुलं राष्ट्रीय विधी विद्यापीठांत पोचवून दाखवली. त्यांनी फक्त फी भरली नाही. प्रवेशपरीक्षेची तयारी करून घेतली आणि प्रवेशानंतरही त्या मुलांच्या मागे उभे राहिले. ते काम मोठ्या शहरांचं आणि मोठ्या विद्यापीठांचं झालं. तालुक्यातून येऊन तालुक्यातच वकिली करणाऱ्यांसाठी असं कोण करतं? ज्यांना परवडतं त्या जिल्हा बारमधल्या वकिलांनी ते करावं असं मला मनापासून वाटतं.

आम्ही काही जण करतो ते साधंच आहे. शनिवारी दुपारी निकाली निघालेल्या फायली, नावं झाकून, विद्यार्थ्यांपुढे ठेवतो. आधी निकाल दाखवत नाही. पंचनामा वाचा, नकाशा काढा, निष्काळजीपणा कोणाचा ते ठरवा. मग उत्पन्नाचा पुरावा पाहून आकडा काढा. मग पुराव्याचं शपथपत्र लिहा. सगळ्यांत शेवटी न्यायाधिकरणाचा निकाल वाचायचा आणि आपला आकडा का वेगळा आला यावर भांडायचं. एक अस्थिरोगतज्ज्ञ डॉक्टर मित्र अधूनमधून येतात. एक्स-रे कसा पाहायचा, हाड चुकीचं जुळणं म्हणजे काय, अवयवाचे टक्के कसे काढतात हे दाखवतात, आणि मग विद्यार्थ्यांकडून स्वतःची उलटतपासणी करवून घेतात. त्या तासाला मुलं हलत नाहीत. नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला बारा आठवड्यांची आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला वीस आठवड्यांची इंटर्नशिप बंधनकारक आहे. ती सहीपुरती संपवायची की अशी घालवायची, हे सीनियरच्या हातात असतं.

कॉलेजच्या लीगल एड क्लिनिकचं, म्हणजे मोफत कायदा सल्ला केंद्राचंही तसंच. ते असणं सक्तीचं आहे, पण बहुतेक ठिकाणी ते फलक आणि नोंदवही एवढंच असतं. सिव्हिल हॉस्पिटलच्या अपघात विभागात आठवड्यातून एक दिवस दोन विद्यार्थी आणि विधी सेवा प्राधिकरणाचा एक वकील बसला, तर सहा महिन्यांची मुदत, पोलिसांकडून कोणते कागद मागायचे, हिट अँड रनचा अर्ज कुठे द्यायचा, एवढं सांगूनच पुष्कळ घरं वाचतील. एजंटाची जागा रिकामी करायचा याहून चांगला उपाय मला सुचलेला नाही. अट एकच, काम फक्त माहिती देण्याचं ठेवायचं. तिथून कोणाही खासगी वकिलाने, मीही, फाईल घ्यायची नाही.

मराठी माध्यमातून शिकलात म्हणून बिचकू नका. १९९८ च्या अधिसूचनेनंतर आपल्या जिल्हा न्यायालयांची भाषा मराठी आहे. पंचनामा मराठी, जबाब मराठी, साक्ष मराठी. 'गाडी अंगावर आली' आणि 'गाडी अंगावर घातली' यातला फरक ज्याला लगेच कळतो तो वकील इथे पुढे जातो. इंग्रजी मात्र सोडू नका. अपिलात ती लागतेच, आणि निकाल वाचत राहिल्यानेच ती येते. सर्वोच्च न्यायालयाचे बरेच निकाल आता मराठीतही उपलब्ध आहेत. शेजारी शेजारी ठेवून वाचा.

राहिला तुमच्या पुढच्या वर्षाचा विषय. सनदेसाठी ७५० रुपयांपेक्षा जास्त, आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराकडून १२५ पेक्षा जास्त नोंदणी शुल्क राज्य बार कौन्सिलला घेता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा ३० जुलै २०२४ चा निकाल आहे. तो जवळ ठेवा. सीनियर निवडताना पैशाचं स्पष्ट विचारा. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनियरला शहरात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत अशी शिफारस केली. ती सक्ती नाही, आणि जिल्ह्यांत एवढं देणारे थोडेच. तरी 'काहीतरी देऊ' यावर थांबू नका. दर महिन्याला किती, कोणत्या तारखेला, आणि तीन वर्षांत मला स्वतः किती साक्षी घ्यायला मिळतील, हे तीन प्रश्न पहिल्याच भेटीत विचारा. तिसऱ्याचं उत्तर जो सीनियर नीट देईल, तो पहिल्या दोनांत थोडा कमी पडला तरी त्याच्याकडे जा. मुलींना अजूनही 'तू ड्राफ्टिंग बघ, साक्ष मी घेतो' असं सांगणारे आहेत. तिथे सहा महिन्यांपेक्षा जास्त थांबू नका.

आमच्या शनिवारच्या बैठकीला बार्शीहून यायचं असेल तर या. पासाची सोय होईल. येताना १ एप्रिल २०२२ नंतरचा, दुरुस्तीसह छापलेला मोटार वाहन कायदा आणा, जुनी प्रत चालणार नाही. आणि त्याआधी बार्शीच्याच कोर्टात अपघात दाव्याची एखादी तारीख गाठून डॉक्टरची पूर्ण साक्ष बसून ऐका. सरतपासात कोणते प्रश्न राहिले असं वाटलं ते लिहून आणा, सुरुवात तिथूनच करू.